निखारे, फेस आणि पाणी

नाशिकची वाइनची जत्रा फेब्रुवारीत भरते. गंगापूर धरणाजवळच्या सुला विनयार्ड्समध्ये २००८ साली सुलाफेस्ट सुरू झाला आणि त्याने वर्षातले हेच दिवस आपले मानले. जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. थंडी ओसरत आलेली असते, दुपारचं ऊन सोसवतं, रात्री मोकळ्यावर बसलं तर खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. पीक, हवा आणि पाहुणे या तिघांनाही मानवणारा असा दुसरा महिना नाशिकच्या वर्षात नाही.

बियरचं तसं नाही. बियर आणि निखाऱ्यांवर भाजलेलं मांस असा बेत म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे उन्हाळाच येतो. ही कल्पना थंड देशांतून आली आहे. तिकडे उन्हाळा म्हणजे लांबलेला उजेड आणि पंचविशीतलं तापमान. आठ महिने घरात कोंडलेली माणसं तेवढ्या दिवसांत बाहेर पडून शेगड्या पेटवतात. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतो. त्या उन्हात शेगडी पेटवून माणसं तिच्याभोवती गोळा करायची, तर आधी काही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

आपल्याकडेही उघड्यावर आग पेटवून केलेल्या मेजवान्या आहेत, आणि फार चांगल्या आहेत. पण त्यांचे दिवस पाहा. ज्वारी दुधात आली की हुरडा. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. खानदेशात वांगी ऐन भरात आली की कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत. सगळ्या मेजवान्या थंडीच्या. आग तेव्हा स्वयंपाकही करते आणि माणसांना ऊबही देते. उन्हाळा लागला की आगीचं सगळं काम घरात, शक्यतो सकाळी, आणि अंगणात उरतात ते माठ, पन्हं, कोकमाचं सरबत, पंचवटीतल्या रसवंत्यांची घुंगरं. म्हणजे उन्हाळ्यातली निखाऱ्यांची मेजवानी ही आपल्या हवेला नवी जोडणी आहे. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला ती आवडते. मात्र ती जमवायची तर एका गोष्टीचा माग धरावा लागतो. ती गोष्ट म्हणजे पाणी: मांसातलं, बियरमधलं, अंगातलं आणि नदीतलं.

आधी शेगडीकडे जाऊ.

कच्च्या मांसात वजनाच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्के पाणीच असतं. भाजणं म्हणजे या पाण्याशी केलेला सौदा आहे. पृष्ठभागावरचं पाणी गेल्याशिवाय खरपूसपणा येत नाही, आणि आतलं पाणी राहिल्याशिवाय घास मऊ लागत नाही. ओलं असेतोवर मांसाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर चढत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो कोरडा झाला की तापमान झपाट्याने वर जातं आणि १४० अंशांच्या आसपास प्रथिनं आणि साखरा एकमेकांत मिसळून शेकडो नवी रसायनं तयार करू लागतात. तपकिरी रंग, भाजल्याचा वास, तोंडाला सुटणारं पाणी, हे सगळं तिथून येतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली या प्रक्रियेचं पहिलं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीला पडणारे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास ही याच प्रक्रियेची देणगी.

निखाऱ्यांची मातब्बरी अशी की ते हवेतून कमी आणि प्रारणातून जास्त उष्णता देतात. लाल झालेल्या कोळशाचं तापमान सातशे अंशांच्या पुढे असतं. त्याच्यासमोर धरलेलं मांस बाहेरून पटकन कोरडं होतं, आतलं पाणी निसटायच्या आत. म्हणून ज्वाला असताना भाजायचं नसतं. ज्वाला एकसारखी नसते, काजळी धरते आणि वरची कातडी जाळून आत कच्चं ठेवते. कोळशावर राखेचा पांढुरका थर धरेपर्यंत थांबायचं. शेगडीवर हात धरून तीन-चार सेकंदांत मागे घ्यावासा वाटला की आच बसली.

कोंबडीची मुरवलेली तंगडी जाळीवर ठेवली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, फक्त दह्याचा थर पांढऱ्याचा पिवळसर होतो आणि कडांना बुडबुडे येतात. मग चरबीचा पहिला थेंब सुटतो. तो निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज होऊन निळसर धुराची एक रेघ उठते आणि मांसाला चिकटते. कोळशावर भाजल्याची चव म्हणतात त्यातला मोठा भाग हा चरबीचा धूर. पण थेंब फार पडू लागले की भडका होतो आणि त्या धुरात आरोग्याला घातक, कर्करोगाशी नातं असलेली संयुगंही वाढतात. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१४ साली डुकराचं मांस भाजण्याआधी काही तास बियरमध्ये मुरवून पाहिलं. काळ्या बियरमध्ये मुरवलेल्या मांसात या संयुगांपैकी आठ महत्त्वाच्या संयुगांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. बियर प्यायलाच हवी असं नाही, मांसाला पाजली तरी चालते.

आपल्या मटणाची गोष्ट वेगळी आहे. बोकडाचं मांस तंतूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनने भरलेलं असतं. हे कोलॅजन सत्तर-ऐंशी अंशांना, ओलाव्यात, बराच वेळ ठेवलं तरच विरघळून मऊ होतं. नेमक्या त्याच तापमानाला मांसाचे तंतू आकसून पाणी बाहेर टाकत असतात. म्हणून मांडीचं मटण थेट निखाऱ्यावर टाकलं तर ते चामड्यासारखं होणार. मराठी घरांत मटण आधी हळद-मीठ घालून आळणी शिजवून घेतात आणि मग सुकं करतात, त्यामागे हेच कारण आहे. शेगडीसाठीही तोच मार्ग उत्तम: आधी शिजवून घ्या, पाणी निथळू द्या, काळा मसाला आणि तेल चोळा आणि फक्त खरपूसपणासाठी निखारा द्या. थेट भाजायचं तर चाप घ्या किंवा खिमा. कच्च्या पपईत मांसाची प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते मदत करतं, पण तासन्‌तास ठेवलं तर मांसाचा पोत जाऊन लगदा होतो. मीठ मात्र आदल्या रात्रीच लावावं. ते आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी मांस परत शोषून घेतं आणि आच लागली तरी सोडायला कुरकुर करतं.

पोपटी मला या सगळ्यात फार शहाणी वाटते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, वर पुन्हा पाला, तोंड गच्च बंद आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. वरून पाण्याचा एक थेंब नाही. पाल्यातलं आणि शेंगांतलं पाणीच वाफ होऊन सगळं शिजवतं. उन्हाळ्यात नाशिकला ती करता येणार नाही, कारण ना तो पाला मिळणार ना त्या कोवळ्या शेंगा. पण पाणी आतच अडवायचं हे तिचं तत्त्व केळीच्या पानात गुंडाळलेल्या मांसाला लावता येतं.

उन्हाळ्याची खास अडचण शेगडीवर नाही, शेगडीशेजारच्या टेबलावर असते. पाच ते साठ अंश हा जिवाणूंचा वाढीचा टापू. शिजलेलं किंवा कच्चं मांस साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण दंडक आहे, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर एकच तास. नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी हा एक तासच हाती असतो. म्हणून मुरवलेलं मांस बर्फात ठेवून थोडं थोडंच काढायचं, आणि कच्च्याचा चिमटा शिजलेल्याला लावायचा नाही.

आता बियर.

बियरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाइनला वरून पाणी घालावं लागत नाही. वेल जमिनीतून पाणी उचलते, द्राक्षात भरते, त्यातच साखर असते आणि सालीवर यीस्टही. बियरचा कच्चा माल कोरडा: सातू, म्हणजे बार्ली. तिला भिजवायचं, मोड आणायचे, मोड फार वाढायच्या आत सुकवायचं, की माल्ट तयार. मोड येताना धान्यात जी विकरं तयार होतात, तीच नंतर गरम पाण्यात पिठाची साखर करतात. पाण्याचं तापमान पासष्ट अंशांच्या आसपास धरलं की हे काम उत्तम होतं. मग गाळलेलं गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, मद्य आणि कार्बन डायऑक्साइड देतं. नाचणीचे मोड ज्या घरात येतात, त्या घराला यातली पहिली पायरी नवी नाही.

पाण्याचा गुण बियरमध्ये इतका उतरतो की युरोपातल्या गावोगावच्या बियरी या गावोगावच्या विहिरींच्या आहेत असं म्हणता येईल. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्याने हॉप्सचा कडूपणा धारदार आणि स्वच्छ लागतो, म्हणून तिथली फिकट एल बियर नावाजली. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, त्याला काळसर भाजलेल्या माल्टची आम्लता सावरून घेते, म्हणून तिथे गडद बियर रुजली. आणि बोहेमियातल्या पिल्सेन गावचं पाणी अगदी मऊ. तिथे १८४२ साली योसेफ ग्रोल याने सोनेरी, पारदर्शक लागर बियर बनवली. आज आपल्या दुकानांतल्या बहुतेक बाटल्या याच लागरच्या वंशातल्या.

लागरला थंडी लागते. तिचं यीस्ट आठ ते तेरा अंशांच्या आसपास सावकाश काम करतं, आणि नंतर ती बियर गोठणबिंदूच्या जवळ आठवडे मुरते. यंत्रांचा शोध लागण्याआधी उन्हाळ्यात बियर नासायची, इतकी की बव्हेरियात १५५३ साली कायदाच झाला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बियर गाळायची नाही. मग उन्हाळ्याची बियर वसंतात गाळून तळघरांत साठवायची पद्धत पडली. म्युनिकच्या कारखानदारांनी इझार नदीच्या काठी तळघरं खोदली, वरची जमीन तापू नये म्हणून रुंद पानांची चेस्टनटची झाडं लावली आणि जमिनीवर खडी पसरली. त्या सावलीत बाकं मांडून ते बियर विकू लागले. गावातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ साली राजा माक्सिमिलियान याने हुकूम काढला: तिथे बियर विका, पण पावाखेरीज जेवण विकू नका. म्हणून लोक घरून डबे आणू लागले, आणि ती रीत म्युनिकच्या बियर-बागांत आजही आहे. १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडे याने शीतयंत्रं बनवली आणि तळघरांची गरज संपली. झाडं राहिली. उघड्यावरच्या बियर-उत्सवाचं मूळ हे असं सावलीत आहे, आणि नाशिकमध्ये जागा शोधणाऱ्याने मैदानाआधी आमराई शोधावी असं मला यावरून वाटतं.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांची बियरची तहान या थंडीअभावीच अडली होती. गलबतांतून चार-सहा महिन्यांचा प्रवास करून, दोनदा विषुववृत्त ओलांडून पिंपं येत. हॉप्स जास्त घातलेली बियर टिकते हे माहीत होतं, आणि लंडनच्या बो गावातला जॉर्ज हॉजसन अशी बियर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर उधारीने चढवत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात हिमालयात कसौलीला भट्ट्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या गार हवेसाठी आणि झऱ्यांसाठी. या कहाणीत नाशिकही आहे: त्याच्या कुशीतल्या देवळालीला लष्कराचा मोठा तळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची इथे वाट बघत. जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच सुटत, त्यामुळे चुकला हंगाम की अख्खा उन्हाळा देवळालीत. करायला काम नाही, डोक्यावर ऊन, हातात दारू. तिथे माणसं भ्रमिष्ट होत म्हणून इंग्रजीत वेडसरपणाला देवळालीचंच नाव पडलं. भारतात जागेवरच बियर बनवून विकणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या भट्ट्यांपैकी एक २००९ साली पुण्यात निघाली, तिने ‘डूलाली’ म्हणून नेमकं तेच नाव घेतलं. मला त्या नावातला इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण ऊन आणि मद्य एकत्र आल्यावर शरीराचं काय होतं, याची नाशिकइतकी जुनी नोंद फार थोड्या गावांपाशी असेल.

ते काय होतं, ते आता पाहू. या प्रकरणातलं माझं खरं म्हणणं इथे आहे.

बाहेरची हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की ती कातडीपेक्षा गरम होते. वारा आला तरी तो शरीरातली उष्णता नेत नाही, उलट देतो. उन्हाचं आणि निखाऱ्यांचं प्रारण वेगळं. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम सुकणं. एक लिटर घाम कातडीवरून सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आता बियरचा हिशोब करू. पाच अंशांवरची अर्धा लिटर बियर पोटात जाऊन ३७ अंशांना येते तेव्हा ती शरीरातून सोळा किलोकॅलरी शोषते. तेवढीच उष्णता न्यायला जेमतेम दोन मोठे चमचे घाम पुरतो. म्हणजे गारेगार मगाचं सुख घशाला आहे, जिभेला आहे, कपाळाला मग टेकवला तर कपाळालाही आहे. ते सुख खरं आहे. पण शरीर थंड ठेवायचं काम बियर करत नाही. ते काम घाम करतो आणि घामाला पाणी लागतं.

नाशिकची हवा इथे मदतीला येते. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची आणि सह्याद्रीच्या आडोशाने कोरडा झालेला प्रदेश. समजा दुपारी तापमान ३९ अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. अशा हवेत ओल्या फडक्याने झाकलेला तापमापक साधारण २२ अंश दाखवेल. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली तर तोच २८ अंशांच्या पुढे राहील. आकड्याने मुंबई गार, पण घाम सुकण्याच्या दृष्टीने नाशिक कितीतरी सुखाचं. माठाचं पाणी नाशिकला इतकं गार का होतं, याचंही उत्तर हेच. ओला पंचा मानेवर टाकून पंख्यासमोर उभं राहिलं तर मिनिटाभरात जिवात जीव येतो.

याच कोरडेपणात एक फसगत आहे. मुंबईत सदरा भिजतो, घाम दिसतो, तहान लागली असेल याची आठवण होते. नाशिकला घाम आल्याबरोबर उडून जातो. अंग कोरडं, कपडे कोरडे, आणि माणूस तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी गमावत असतो. शेगडीवर उभा असेल तर त्याहून जास्त. संध्याकाळी कानशिलावर हात फिरवला की बारीक मिठाची कचकच लागते, तेव्हा कळतं.

बियर या तोट्यात भर घालते. मद्य मेंदूतल्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतं. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवा असं सांगणारा निरोप मग पोचत नाही. एक ग्रॅम मद्यामागे साधारण दहा मिलिलिटर जास्तीची लघवी असा ढोबळ हिशोब आहे. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बियरमध्ये वीस ग्रॅम मद्य असतं. म्हणजे तिच्यातलं दोनशे मिलिलिटर पाणी हिशोबातून गेलं, तरी तीनशे उरतं. शरीर आधीच सुकलेलं असेल तर हा परिणाम कमीही होतो. हलकी बियर माणसाला वाळवंटात नेते असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. पण आपल्याकडे खप मोठा आहे तो कडक बियरचा. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम मद्य भरतं. अशा दोन बाटल्या दुपारी उन्हात रिचवल्या तर त्यांतलं निम्म्याहून जास्त पाणी याच हिशोबात जातं, आणि घामाचा तोटा तसाच उरतो. शिवाय मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि बाकावरून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. तहानेची जाणीव बोथट होते ती वेगळीच.

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोंधळाची. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोक जातो, चिडचिड करतो, निपचित पडतो. चढलेल्या माणसाची लक्षणंही हीच. बियरच्या जत्रेत कुणी असं करू लागलं की मित्र हसतात, ‘याला जास्त झाली’ म्हणतात आणि झोपू द्या म्हणून तंबूत नेऊन ठेवतात. तंबूतली हवा बाहेरपेक्षा गरम. असं झालं तर दारू चढली की ऊन लागलं, याचा निवाडा करत बसू नये. अंगाला हात लावावा. ते तव्यासारखं तापलेलं असेल तर सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावं, जोरात वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या माणसाला काही पाजू नये. नाशिकच्या कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा ही दोनच साधनं रुग्णवाहिका येईपर्यंत खूप काम करतात.

यावरून दिवसाची आखणीही ठरते. बारा ते चार या वेळात निखारे नकोतच. त्या वेळी झाडाखाली गाणं-बजावणं असावं, काकडी-कैरी-दही असावं, पन्हं असावं. पन्ह्यातला गूळ आणि मीठ घामाने गेलेलं बरंचसं परत देतात. साडेचारला कोळसा पेटवावा, साडेपाचला आच बसते. एप्रिलअखेर नाशिकला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि कोरड्या हवेला उष्णता धरून ठेवता येत नसल्याने त्यानंतर तापमान भराभर उतरतं. रात्री नऊला त्याच मैदानात बसायला सुखाचं होतं. खरा उत्सव साडेपाच ते दहा. त्या वेळात बियर पिताना प्रत्येक मगामागे तेवढंच पाणी घेतलं, तर मागच्या चार परिच्छेदांतलं बरंचसं टळतं. कायदाही लक्षात असावा: महाराष्ट्रात बियर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक मद्यासाठी २५.

शेवटी नदी.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणात अडते, तिथून नाशिकच्या रामकुंडातून पुढे नांदूर मध्यमेश्वरला पोचते आणि मग पैठणच्या जायकवाडी धरणात. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली या धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन. छत्रपती संभाजीनगर आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती हेच पाणी पितात, आणि तिथे राज्यातले काही मोठे बियर कारखाने आहेत. नाशिकला फोडलेल्या बाटलीत रामकुंडाखालून गेलेलं पाणी परत आलेलं असू शकतं.

चांगला कारखाना एक लिटर बियरसाठी चारेक लिटर पाणी वापरतो. उरलेलं धुण्यात, उकळण्यात, थंड करण्यात जातं. शेतातलं पाणी धरलं तर आकडा कितीतरी फुगतो: पाव लिटर बियरमागे जगाच्या सरासरीने ७४ लिटर. पण ते बहुतेक सातूच्या शेतात जातं, आणि आपली सातू मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशात हिवाळ्यात पिकते. म्हणून कारखान्याचा वापर राज्याच्या एकूण पाण्यात फार नाही, हे कारखानदारांचं म्हणणं आकड्यांनी बरोबर आहे. प्रश्न आकड्याचा नसून जागेचा आणि महिन्याचा आहे. २०१६च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे तेरा सामने राज्याबाहेर हलवायला लावले. आणि औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी एप्रिलअखेरीपासून निम्म्याने आणि १० मेपासून साठ टक्क्यांनी तोडलं. इतर उद्योगांची कपात वीस-पंचवीस टक्क्यांची होती. जायकवाडीत तेव्हा मृतसाठ्यातून उपसा चालू होता. नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं, यावरून दर दुष्काळात भांडण होतं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडावं, हे मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आलेलं सूत्र त्या भांडणावरच तोडगा म्हणून आलं.

अशा खोऱ्यात उन्हाळ्यातला उत्सव भरवायचा तर पाण्याची वही उघडी ठेवावी. पाच हजार माणसं आली आणि प्रत्येकी सरासरी एक लिटर बियर गेली, तर कारखान्यात वीस हजार लिटर पाणी आधीच खर्च झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. त्याच पाच हजार माणसांना संध्याकाळभरात दोन-दोन लिटर पिण्याचं पाणी द्यायचं तर आणखी एक टँकर लागतो. बियरच्या पिंपांची मागणी नोंदवण्याआधी हा तिसरा टँकर सांगून ठेवावा, त्याच्या पाण्याला पैसे लावू नयेत, आणि नळ शेगड्यांच्या रांगेच्या शेजारीच बसवावेत, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त घाम तिथे उभ्या असलेल्यांचा जातो.